सोसायटीतला शेरू लोकरीत कसा विणायचा: दोन सुयांवरच्या पहिल्या कुत्र्याबद्दल सविस्तर

एका ताईंनी विचारलंय की त्यांना मफलर आणि साधी टोपी विणता येते, त्यापलीकडे काही केलेलं नाही, भाड्याच्या घरात कुत्रं पाळता येत नाही पण सोसायटीच्या गेटवरचा शेरू त्यांचा फार लाडका आहे, तपकिरी रंग, तोंड काळं, एक कान उभा आणि एक मोडलेला, तर त्याचं छोटंसं लोकरीचं कुत्रं विणायचंय. जमेल का, सुया घेऊ की क्रोशा, पॅटर्न कुठला घेऊ, आणि नंतर असंच एक भावाच्या वर्षाच्या मुलाला दिलं तर चालेल का, असे चार प्रश्न आहेत.

ताई, टोपी येते ना, मग सगळं येतंय. टोपीचा शेंडा बंद करताना तुम्ही टाके कमी करत जाता आणि शेवटी उरलेल्या टाक्यांतून लोकर ओढून घट्ट गाठ मारता, कुत्र्याचं डोकं आणि अंग अगदी तसंच बंद होतं. नवीन शिकायचं असेल तर ते विणणं नाहीये, बघणं आहे. मी बरीच वर्षं हेच करतेय, लोकांची कुत्री विणून देते, विणकाम शिकवतेही, आणि मला ठामपणे वाटतं की कुत्रं हुबेहूब दिसतं ते पॅटर्नमुळे नाही, कुत्र्याकडे नीट बघितल्यामुळे. एकाच पॅटर्नवर विणलेली दोन कुत्री घ्या, एकाचे डोळे चार टाके वर लावा आणि शेपटी खाली सोडा, वेगळी कुत्री होतात. म्हणून लोकर आणायच्या आधी दोन दिवस शेरूला बघा.

फोटो काढताना खाली बसा, कॅमेरा त्याच्या पाठीच्या उंचीवर आणा आणि सरळ बाजूने एक, समोरून एक, मागून शेपटीचा एक असे घ्या. आपण उभं राहून काढतो त्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, त्यावरून विणलं की पिल्लू होतं. बाजूच्या फोटोवर पट्टी ठेवून एवढंच मोजायचं की डोक्याची लांबी अंगाच्या लांबीत किती वेळा बसते, पाय अंगाच्या जाडीच्या किती पट आहेत. गावठी कुत्र्याचे पाय आपल्याला वाटतात त्यापेक्षा लांब असतात, छाती खोल असते आणि पोट मागे वर ओढलेलं असतं. हे पोट नसेल तर कितीही छान विणा, ते लॅब्राडोर दिसतं.

पहिलं कुत्रं म्हणून गावठीच घ्या असं मी सगळ्यांनाच सांगते. आखूड केस, म्हणजे साधी गुळगुळीत लोकर चालते, आणि साध्या लोकरीत टाके दिसतात, चुकलं तर उसवता येतं. लोकांना पहिल्याच फटक्यात पॉमेरेनियन करायचं असतं, त्या केसाळ लोकरीत टाका शोधणं अनुभवी बाईलाही जड जातं.

सुया की क्रोशा म्हणाल तर दोन्हीने होतं. क्रोशाने गोल गोल विणत जायची जपानी पद्धत, अमिगुरुमी म्हणतात ती, हल्ली सगळीकडे आहे, आणि गोल डोक्याच्या गुबगुबीत पिल्लांना ती छान शोभते, वीणही घट्ट येते. पण सुयांची वीण ताणली जाते, आत फायबर भरलं की अंगाचा आकार घेते, सडपातळ कुत्र्याची मान आणि पोट सुयांवर जास्त खरं उतरतं. शेरूसाठी सुयाच. गोल सुया, चार सुया काही लागत नाहीत, सपाट विणून शिवायचं.

सामान. लोकर डबल निटिंग जाडीची, अॅक्रिलिक, ५० ग्रॅमचा तपकिरी गुंडा पुरून उरतो, काळी आणि पांढरी थोडीशी घरात असेलच. रंग बघताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, गुंडा दारात उजेडात नेऊन बघा, कारण गावठी कुत्र्याचा तपकिरी बहुतेक वेळा चॉकलेटी नसतो, तांबूस किंवा बिस्किटासारखा असतो. अंगावर गडद-फिकट पट्टे असलेलं वाघ्या कुत्रं असेल तर दोन वेगळ्या रंगांच्या बारीक लोकरी एकत्र धरून विणा, पट्टे आपोआप मिसळतात, फार सुंदर दिसतं. सुया १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. लेबलवर बहुतेक ४ मिलिमीटर, म्हणजे ८ नंबर लिहिलेलं असेल, ते स्वेटरसाठी. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते हे माहीत असेलच. खेळण्याची वीण स्वेटरपेक्षा घट्ट हवी, नाहीतर ताणल्यावर टाक्यांमधून पांढरं फायबर डोकावतं आणि मग त्यावर काही उपाय नाही. भरायला कापूस नको, पावसाळ्यात ओल धरतो, धुतला की गोळे होतात, उशीत भरतात ते फायबर घ्या. बाकी बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि रंगीत डोक्याच्या टाचण्या, टाचण्या भरपूर.

आता विणायला घ्या, अंगापासून. छातीकडून सुरू करून शेपटीकडे जायचं. १० टाके घाला, एक ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत प्रत्येक टाक्यात दोन विणा, २० होतील. उलट ओळ. मग एक साधा, पुढच्यात दोन, असं ओळभर, ३० झाले. उलट ओळ. आता एक ओळ सुलट एक उलट अशा १४ ओळी सरळ, ही छाती आणि पाठ. यानंतर पोट आत घ्यायचं, त्यासाठी सुलट ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र आणि शेवटी दोन टाके एकत्र, मग तीन ओळी साध्या, असं तीनदा करा म्हणजे २४ टाके उरतील. कडेचे टाके कमी का करतो, तर शिवण पोटाखाली येणारे, कडेला कमी केलं की पोटच वर जातं, पाठ सरळ राहते. मग एक साधा, दोन एकत्र, असं ओळभर, १६ उरले, उलट ओळ, मग सगळे दोन-दोन एकत्र, ८ उरले, लोकर कापून त्यातून ओवा आणि ओढा. सुरुवातीच्या १० टाक्यांतूनही तसाच दोरा ओवून गोळा करा. शेरू थोडा लांब अंगाचा असेल तर त्या १४ ओळींच्या १८ करा.

डोकं नाकाकडून सुरू होतं आणि शेरूचं तोंड काळं आहे म्हणून सुरुवात काळ्या लोकरीने. ६ टाके, एक उलट ओळ, मग प्रत्येकात दोन, १२. आता पाच ओळी साध्या, ही नळी म्हणजे मुस्कट, मुस्कटासाठी काळी लोकर साधारण इथपर्यंतच ठेवून पुढे तपकिरी घ्या, पण शेरूचं काळं किती वर जातं ते फोटोत बघून. पुढे कपाळ. ३ साधे, मधल्या ६ टाक्यांत प्रत्येकी दोन, ३ साधे, १८ झाले. उलट ओळ. ६ साधे, मधल्या ६ मध्ये प्रत्येकी दोन, ६ साधे, २४. वाढ फक्त मध्ये केल्यामुळे कपाळ वर उचललं जातं आणि हनुवटी सरळ राहते, कुत्र्याच्या डोळ्यांसमोर जो उतार असतो तो इथे तयार होतो, तो नसेल तर उंदीर दिसतो. नऊ ओळी साध्या, मग एक साधा दोन एकत्र, १६, उलट ओळ, मग दोन-दोन एकत्र, ८, आणि ओढून बंद. मुधोळ किंवा आपल्या दख्खनच्या कारवान या सडपातळ शिकारी कुत्र्यांसारखं लांब निमुळतं डोकं करायचं असेल तर मुस्कटाच्या पाच ओळींच्या नऊ करा आणि कपाळाची वाढ एकदाच ठेवा.

पाय चार, ५ टाक्यांनी सुरू, उलट ओळ, प्रत्येकात दोन, १०, मग १५ ओळी आणि ओढून बंद. पंजे पांढरे असतील तर पहिल्या चार-पाच ओळी पांढऱ्या. ओळी मोजूनच विणा, चारही पायांच्या एकसारख्या, अंदाजाने विणलेले पाय कधीच सारखे होत नाहीत आणि कुत्रं लंगडं उभं राहतं. शेपटी ६ टाके आणि १८ ओळी, फायबर न भरता लांबीत शिवा आणि शिवताना दोरा जरा ओढून धरा, पाठीवर वळलेली गावठी शेपटी आपोआप तयार होते.

कान सगळ्या ओळी सुलट विणायचे म्हणजे कडा वळत नाहीत. ७ टाके, चार ओळी, मग दर दुसऱ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक कमी, ५, ३ आणि शेवटी १. शेरूचा एक उभा, एक मोडलेला, दोन्ही कान विणायचे सारखेच, फरक शिवण्यात. उभ्या कानाचा तळ डोक्यावर अर्धगोलात शिवा, वाटीसारखा उभा राहतो. मोडलेल्याचा तळ सरळ रेषेत शिवून टोक पुढे वळवा आणि आतून एकाच टाक्याने पकडा. आणि एक बघा, शेरूच्या कानाला काप आहे का. नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला ओळखीसाठी छोटा काप देतात, असला तर तो विणायचाच, एका टाक्यापर्यंत न जाता ३ टाक्यांवरच बंद केलं की टोक तुटकं दिसतं. ज्या लोकांनी एखाद्या कुत्र्याला पकडून, दवाखान्यात नेऊन, पुन्हा जागेवर आणून सोडलेलं असतं ना त्यांची नजर विणलेल्या कुत्र्यात सगळ्यात आधी त्या कानाकडे जाते, मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय, म्हणून मी तो काप कधीच सोडत नाही.

शिवण सुलट बाजूनेच घाला, दोन्ही कडा शेजारी ठेवून कडेच्या टाक्याजवळची आडवी दोरी एकदा इकडची, एकदा तिकडची उचलत जायचं आणि दोन-तीन सेंटिमीटर झालं की हळूच ओढायचं, शिवण गायब होते. भरताना चिमूटभर चिमूटभर. मोठा गोळा कोंबला की आत गाठ होते आणि ती बाहेरून दिसते. नाकाच्या टोकाला घट्ट, छातीला घट्ट, पोटाला सैल. मानेच्या जागी सगळ्यात घट्ट, कारण डोकं तिथेच टेकतं, नाहीतर महिनाभराने कुत्रं मान खाली घालून बसतं.

जोडायच्या आधी सगळं टाचण्यांनी लावून टेबलावर उभं करा आणि लांबून बघा. पुढचे पाय छातीच्या अगदी खाली आणि किंचित पुढे, कारण डोक्याचं वजन पुढे असतं. मागचे पाय थोडे बाहेरच्या बाजूला. डोकं सरळ समोर लावू नका, एका बाजूला जरासं कललेलं लावा, कुत्रं ऐकतंय असं वाटतं. या पायरीला मी विणण्याइतकाच वेळ देते आणि तुम्हीही द्या, एक रात्र टाचण्यांवरच राहू दिलं तरी चालेल, सकाळी बघितल्यावर काय खटकतंय ते लगेच कळतं. कारवानसारखी लांब बारीक पायांची कुत्री उभी राहतच नाहीत, आत तार घालण्यापेक्षा त्यांना बसलेलं किंवा पाय पसरून झोपलेलं करा, ती खरी कुत्रीही बराच वेळ तशीच असतात.

चेहरा सगळ्यात शेवटी, दिवसाच्या उजेडात. डोळे कपाळ आणि मुस्कट जिथे मिळतात त्या उतारावर येतात, कपाळावर नाही. दोन काळ्या डोक्याच्या टाचण्या लावून एकेक टाका वर-खाली, आत-बाहेर सरकवून बघा. खाली आणि लांब लांब लावले की पिल्लू, वर आणि जवळ लावले की मोठं, जरा गंभीर कुत्रं. जागा ठरली की काळ्या किंवा गडद तपकिरी दोऱ्याने दोरा सुईभोवती गुंडाळून घालतात ती गाठ घाला आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एक अगदी बारीक टाका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. तो ठिपका नसेल तर काळ्या तोंडाच्या कुत्र्याचे डोळे दिसतच नाहीत. मग सुई एका डोळ्यातून आत घालून दुसऱ्यातून काढा आणि दोरा किंचित ओढा, डोळे खोबणीत जातात आणि चेहरा एकदम जिवंत होतो. नाक उलट्या त्रिकोणाचं, जवळ जवळ टाक्यांनी भरून, आणि वाटतं त्यापेक्षा मोठं. शेरूच्या काळ्या तोंडावर काळं नाक हरवेल, तिथे चकचकीत रेशमी दोरा वापरा किंवा मुस्कटालाच काळ्याऐवजी गडद करडी लोकर घ्या. छातीवर पांढरा पट्टा असेल तर विणताना रंग बदलत बसू नका, झाल्यावर पांढऱ्या लोकरीने टाक्यावर टाका भरा, विणलेल्यासारखंच दिसतं.

यातूनच पुढची कुत्री निघतात. अंगाच्या ओळी दीडपट आणि पायांच्या निम्म्या केल्या की डॅशहाऊंड. पोटाची घट काढून टाकली, कान खाली लोंबते लावले आणि शेपटी जाड केली की लॅब्राडोर. पश्मी करायची असेल, कारवानचीच ती केसाळ बहीण, तर फक्त कान आणि शेपटीला मोहेर ही केसाळ लोकर घेऊन ब्रश मारा, अंग गुळगुळीतच ठेवा. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली होती, हिमालयन शीपडॉग, रामपूर हाऊंड, मुधोळ हाऊंड आणि राजपालयम, त्यांची चित्रं समोर ठेवून विणायला फार मजा येते. पूडलसारखी कुरळी कुत्री प्रत्येक टाक्याला लूप काढून होतात, ते पाचव्या-सहाव्या कुत्र्यासाठी राखून ठेवा.

ज्यांचं कुत्रं गेलंय असे लोकही विणून मागतात. त्यांच्याकडे बऱ्याचदा ब्रशमध्ये राहिलेले केस असतात, ते घट्ट विणीच्या कापडाच्या छोट्या पुरचुंडीत शिवून छातीत फायबरच्या मधोमध ठेवता येतात. लांब, मऊ आतले केस असलेल्या कुत्र्यांचे केस कातून त्याची लोकरही करतात, पण गावठी कुत्र्याचे केस त्यासाठी फार आखूड, पुरचुंडीच बरी. अशांना डोळे लावण्याआधी टाचण्या लावलेला फोटो पाठवून विचारते, ते एका क्षणात सांगतात की नाही, तिचे डोळे जरा जवळ होते.

आता भावाच्या मुलाचं. वर्षाच्या बाळाला द्यायचं तर बटण नाही, मणी नाही, चिकटवलेलं काही नाही, मागून वॉशर लावतात ते प्लॅस्टिकचे डोळेसुद्धा नको, कारण विणीची भोकं ताणली की ते निसटू शकतात. सगळा चेहरा दोऱ्याने भरलेला. पायात तार नाही. कान, शेपटी दोनदा शिवा आणि हाताने जोरात ओढून बघा, बाळ त्याहून जोरात ओढतं. अंगावरची लोकर ब्रश केलेली नको, तोंडात तंतू जातात. अॅक्रिलिक आहे म्हणून कोमट पाण्यात साबणाने धुता येईल, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचं आणि आतपर्यंत वाळल्याशिवाय परत द्यायचं नाही.

पण शेरूला मात्र त्याच्यासारखंच विणलेलं कुत्रं खेळायला अजिबात देऊ नका, हे विचारलेलं नसलं तरी सांगते कारण प्रेमापोटी बरेच जण देतात. कुत्रं लोकर उसवतं आणि गिळतं, लांब दोरा आतड्यात अडकला तर आतडं गोळा होतं आणि ऑपरेशनशिवाय पर्याय राहत नाही, मांजरांचं तर आणखीच. त्याला बिस्किटं द्या.

आणि शेरू बघून सोसायटीत मागणी आली, विकून पैसे कुत्र्यांच्या जेवणाला, लसीला द्यावेत असं वाटलं, तर आधी हे माहीत असू द्या की १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, तेव्हा नियमित विकायचं ठरवलं तर आधी ती नोंदणी करून घ्या. किंमत लावताना लोकरीचे पैसे धरून थांबू नका, तासांचे धरा, एका कुत्र्याला टाचण्यांच्या रात्रीसकट तीन-चार संध्याकाळी जातात, आणि घेणाऱ्याला आधीच सांगा की यातला अमुक भाग शेरूच्या लसीचा आहे, मग कोणी घासाघीस करत नाही.